फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती आणि आरंभीचे टॅरो पत्ते

टॅरो पत्त्यांचे नाव निघाले की भविष्यकथन, गूढविद्या आणि प्राचीन मिसर देश यांचे स्मरण होते. हा संबंध मात्र समजला जातो तितका प्राचीन नाही. १७८१ साली पॅरिस येथे आंत्वान कूर द झेब्लँ याने आपल्या बृहद्ग्रंथाच्या आठव्या खंडात, ही पाने म्हणजे मिसरी पुरोहितांच्या लुप्त ज्ञानाचे अवशेष होत, असे प्रतिपादन केले आणि तेथून ही समजूत युरोपभर पसरली. मिसरी चित्रलिपीचा उलगडा त्यानंतर चाळीस वर्षांनी झाला. त्यातून या मताला कोणताही आधार मिळाला नाही. तत्पूर्वीची सुमारे साडेतीन शतके ही पाने मुख्यतः एका खेळाची पाने होती, हे मायकेल डमेट याने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर सिद्ध केले आहे. या खेळाचे जे सर्वांत जुने संच आज उपलब्ध आहेत, त्यांचा संबंध मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याशी, आणि विशेषतः त्या घराण्याचा अखेरचा ड्यूक फिलिप्पो मारिया याच्याशी येतो. या पानांवरील प्रतीकांचा अर्थ त्याच्या चरित्राला वगळून लावता येत नाही.

फिलिप्पो मारियाचा जन्म २३ सप्टेंबर १३९२ रोजी मिलान येथे झाला. त्याचा पिता जान गालेआत्सो व्हिस्कोंती हा त्या काळातील इटलीचा सर्वांत प्रबळ सत्ताधीश होता. मिलानचे भव्य कॅथीड्रल आणि पाव्हियानजीकचा कार्थुसियन मठ ही दोन्ही बांधकामे त्याच्याच कारकीर्दीत सुरू झाली. १३९५ साली त्याने सम्राटपदावर हक्क सांगणाऱ्या वेन्सेस्लास राजाला मोठे द्रव्य देऊन ड्यूक ही पदवी मिळविली. म्हणजे ज्या किताबावर पुढे या घराण्याचा सारा अभिमान उभा राहिला, तो एका पिढीपूर्वी विकत घेतलेला होता. ही गोष्ट पानांवरील राजचिन्हांचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते. ३ सप्टेंबर १४०२ रोजी जान गालेआत्सो मरण पावला, त्या वेळी बोलोन्या, पिसा, सिएना, पेरूजा इतक्या दूरवरची नगरे त्याच्या अंमलाखाली होती. दोन्ही पुत्र अल्पवयी होते. थोरला जोव्हान्नी मारिया ड्यूक झाला आणि दहाव्या वर्षात असलेल्या फिलिप्पो मारियाच्या वाट्याला पाव्हियाची सरदारकी आली. दोनच वर्षांत माताही निवर्तली. पित्याच्या भाडोत्री सेनापतींनी राज्याचे लचके तोडले. पाव्हियाच्या किल्ल्यात वाढणारा हा मुलगा नावाने सत्ताधीश, पण प्रत्यक्षात इतरांच्या हातातले बाहुले होता. माणसांविषयीचा जो अविश्वास पुढे त्याच्या स्वभावाचा गाभा बनला, त्याची मुळे या दहा वर्षांत आहेत.

१६ मे १४१२ रोजी मिलानमध्ये कटवाल्यांनी जोव्हान्नी मारियाचा खून केला. योगायोग असा की, राज्याचा खरा सूत्रधार असलेला सेनापती फाचिनो काने हाही त्याच दिवशी आजाराने मरण पावला. एकोणीस वर्षांच्या फिलिप्पो मारियाने क्षणाचाही विलंब न लावता फाचिनोची विधवा बेआत्रीचे दी तेंदा हिच्याशी विवाह केला. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी होती, परंतु फाचिनोचे सैन्य, त्याची नगरे आणि त्याची प्रचंड संपत्ती तिच्याबरोबर आली आणि त्या बळावर मिलान पुन्हा व्हिस्कोंतींच्या हाती आले. या उपकाराची परतफेड भयंकर होती. १४१८ साली एका तरुण सेवकाशी व्यभिचार केल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला आणि बिनास्को येथील किल्ल्यात दोघांचाही शिरच्छेद झाला. तो आरोप रचलेला होता असेच बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. बेल्लिनीचा १८३३ मधील संगीतिकेचा विषय हीच दुर्दैवी स्त्री होय.

त्यानंतरच्या काळात फिलिप्पो मारियाने पित्याचे राज्य बऱ्याच अंशी परत मिळविले. हे कार्य त्याने स्वतः रणांगणावर जाऊन केले नाही, तर कारमान्योला या कर्तबगार सेनापतीकरवी केले. १४२१ साली जेनोआ हस्तगत झाले. पण यशस्वी सेनापती हा ड्यूकच्या दृष्टीने धोक्याचा माणूस होता. अपमानित झालेला कारमान्योला १४२५ साली व्हेनिसला जाऊन मिळाला आणि १४२७ मध्ये माक्लोदियो येथे त्याने आपल्या जुन्या धन्याच्या सैन्याचा पराभव केला. ब्रेशा आणि बेर्गामो ही नगरे व्हेनिसकडे गेली. पुढे व्हेनिसनेही कारमान्योलाला फितुरीच्या संशयावरून १४३२ साली ठार केले. मिलान, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स यांच्यातील हा संघर्ष ड्यूकच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

या माणसाचे व्यक्तिचित्र आपल्याला मिळते ते त्याचा चिटणीस पिएर कांदीदो देचेंब्रिओ याच्या लेखणीतून. प्लेटोच्या रिपब्लिकचे लॅटिन भाषांतर करणारा हा विद्वान सुमारे तीस वर्षे ड्यूकच्या सेवेत होता आणि धन्याच्या मृत्यूनंतर लगेच त्याने सुएटोनियसच्या सम्राटचरित्रांच्या धर्तीवर त्याचे चरित्र लिहिले. त्यात स्तुती आहे, तशी निर्भीड वास्तवताही आहे. ड्यूक अतिशय स्थूल होता. उत्तर वयात त्याला घोड्यावर बसणे अशक्य झाले आणि दृष्टीही जवळजवळ गेली. मिलानच्या पोर्ता जोव्हिया या किल्ल्यातून तो क्वचितच बाहेर पडे. मेघगर्जनेची त्याला विलक्षण भीती होती. ज्योतिषांना विचारल्याशिवाय तो कोणतेही महत्त्वाचे पाऊल उचलत नसे. आपले चित्र कोणी काढलेले त्याला खपत नसे. पिसानेल्लोने घडविलेल्या पदकावरील त्याची मुद्रा हा या नियमाला मोठा अपवाद होय. १४३१ साली सम्राटपदाचा उमेदवार सिगिसमुंड लोहमुकुट धारण करण्यासाठी मिलानला आला असताना, यजमान असूनही फिलिप्पो मारिया त्याला भेटला नाही. जग त्याला पाहत नव्हते. तो मात्र हेर, पत्रे आणि दूत यांच्याद्वारे सारे जग न्याहाळत होता.

अशा एकांतप्रिय माणसाच्या जीवनात पत्त्यांना स्थान असावे यात नवल नाही. देचेंब्रिओच्या चरित्रात ड्यूकच्या खेळांचे वर्णन आहे आणि त्यात चित्रित पानांच्या एका संचाचा खास उल्लेख आहे. या संचासाठी ड्यूकने १५०० सुवर्णमुद्रा मोजल्या. त्याची कल्पना मार्त्सियानो दा तोर्तोना याची होती. हा विद्वान ड्यूकचा चिटणीस होता आणि ज्योतिषाचाही जाणकार होता. चित्रे मिकेलिनो दा बेझोत्सो या नामांकित चित्रकाराची होती. पाने नष्ट झाली, परंतु मार्त्सियानोने त्यांच्यासाठी लिहिलेला लॅटिन प्रबंध पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित आहे. १४४९ साली, ड्यूकच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत, हा संच याकोपो आंतोनियो मार्चेल्लो या व्हेनिसच्या सरदाराच्या हाती लागला आणि त्याने तो प्रबंधासह आंजूच्या रने राजाची पत्नी इझाबेल हिला नजराणा म्हणून पाठविला, म्हणून ही हकीकत शिल्लक राहिली.

या संचात ज्युपिटर, अपोलो, व्हीनस, क्यूपिड इत्यादी सोळा ग्रीक-रोमन दैवते होती आणि गरुड, फीनिक्स, पारवा व कबूतर असे चार पक्ष्यांचे रंग होते. सद्गुण, संपत्ती, कौमार्य आणि भोग या चार कोटींत दैवतांची विभागणी केली होती. दैवते परस्परांत क्रमाने श्रेष्ठकनिष्ठ होती, परंतु कोणतेही दैवत कोणत्याही पक्ष्याच्या पानाला जिंकू शके. म्हणजे हुकमाच्या स्वतंत्र पानांची कल्पना येथे स्पष्टपणे अवतरली आहे. मार्त्सियानोचा मृत्यू १४२५ च्या सुमारास झाला असल्यामुळे हा संच त्यापूर्वीचा ठरतो. पुढील टॅरोतील बावीस चित्रांपैकी बहुतेक चित्रे यात नाहीत. परंतु चित्रांकित पानांची एक नैतिक उतरंड रचावी आणि ती खेळाच्या नियमांत गुंफावी, ही मूळ कल्पना यात आहे.

भारतीय वाचकाला येथे एका साम्याची दखल घ्यावी लागेल. युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मामलूक मिसरच्या बाजूने. १३७७ साली फ्लॉरेन्सने त्यांच्यावर निर्बंध घातले, तेव्हा त्यांना नाइबी हे नाव होते. मामलूक संचात राजाच्या खालोखाल नायबाचे पान असे. नाइबी हा शब्द त्या नायबावरूनच आला, आणि तोच शब्द फार्सीच्या द्वारे मराठीच्या कारभारी भाषेत आजही नांदतो आहे. प्याले, नाणी, तरवारी आणि चौगानाच्या काठ्या हे मामलूक रंग इटलीत प्याले, नाणी, तरवारी व दंड असे झाले. पूर्वेकडे हीच क्रीडा गंजिफा या नावाने इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंग आणि १२० पाने असतात. त्यांतील निम्म्या रंगांत दहिल्यापासून एक्क्यापर्यंत आणि उरलेल्या निम्म्यांत एक्क्यापासून दहिल्यापर्यंत असा उलटसुलट श्रेष्ठताक्रम चालतो. मार्त्सियानोच्या संचातही दोन पक्ष्यांच्या रंगांत मोठा आकडा श्रेष्ठ आणि दोहोंत लहान आकडा श्रेष्ठ होता. जुन्या टॅरोच्या खेळातही प्याले आणि नाणी यांचा क्रम असाच उलटा धरीत. यावरून इटलीने हिंदुस्थानाकडून किंवा हिंदुस्थानाने इटलीकडून काही घेतले असे अनुमान काढता येत नाही. एकाच जुन्या खेळाच्या दोन शाखांनी वारशाने आलेला नियम जपला आणि दोन्ही ठिकाणी त्या नियमावर आपापल्या पुराणकथांची दैवते बसविली गेली, इतकेच म्हणता येते.

या हुकमाच्या पानांना प्रारंभी टॅरो हे नाव नव्हते. त्यांना त्रिओन्फी, म्हणजे विजययात्रा, असे म्हणत. तारोक्की हे नाव सोळाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. या पहिल्या नावामुळे अभ्यासकांचे लक्ष पेट्रार्ककडे गेले. पेट्रार्कने १३५३ ते १३६१ या काळात व्हिस्कोंतींच्या आश्रयाने मिलानमध्ये वास्तव्य केले होते. त्याच्या त्रिओन्फी या काव्यात प्रेम, शील, मृत्यू, कीर्ती, काल आणि अनंतत्व हे क्रमाने एकमेकांवर विजय मिळवितात. फिलिप्पो मारियाला पेट्रार्कची देशी भाषेतील कविता प्रिय होती. तिच्यावर भाष्य लिहिण्याची कामगिरी त्याने फ्रांचेस्को फिलेल्फोकडे सोपविली आणि दान्तेच्या नरककांडावरील भाष्य ग्विनिफोर्ते बार्झित्सा याच्याकडून करवून घेतले. पाव्हियाच्या ग्रंथालयाच्या १४२६ मधील यादीत ९८८ हस्तलिखिते नोंदलेली आहेत. गर्ट्रूड मोक्ली हिने १९६६ साली या काव्याच्या आणि विजययात्रांच्या मिरवणुकींच्या आधारे पानांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. पेट्रार्कचा क्रम आणि पानांचा क्रम तंतोतंत जुळत नाही. परंतु एका शक्तीने दुसरीला जिंकावे आणि तिला तिसरीने, ही काव्यातील रचना आणि हुकमाच्या पानांची खेळातील चाल यांतील आंतरिक नाते नाकारता येत नाही.

हा खेळ फिलिप्पो मारियानेच निर्माण केला काय, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर पूर्वी सहज दिले जाई. आज ते देता येत नाही. विजयपत्त्यांचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख मिलानचा नसून त्याच्या शत्रुराज्याचा, फ्लॉरेन्सचा आहे. १६ सप्टेंबर १४४० रोजी जुस्तो जुस्ती या अंगियारीच्या लेखकाने आपल्या रोजनिशीत, सिजिस्मोंदो मालातेस्ता याला असा एक संच दिल्याचे नोंदविले आहे. याच अंगियारी गावाजवळ त्यापूर्वी तीन महिनेही झाले नव्हते तोच, २९ जून रोजी, ड्यूकच्या सैन्याचा फ्लॉरेन्सकडून पराभव झाला होता. १४४२ साली फेर्रारा येथील एस्ते दरबाराच्या हिशेबांत हे पत्ते आढळतात. तेव्हा राजकारणात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दरबारांत हा खेळ मात्र मोकळेपणाने फिरत होता.

मिलानच्या दरबाराशी निगडित असे दोन संच फिलिप्पो मारियाच्या हयातीतले मानले जातात. एक येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे, त्याची ६७ पाने उरली आहेत. दुसरा मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात आहे, त्याची ४८ पाने शिल्लक आहेत. जाड पुठ्ठ्यावर सोन्याचा वर्ख चढवून, त्यावर ठशांनी नक्षी उठवून ही चित्रे रंगविलेली आहेत आणि ती क्रेमोनाच्या बोनिफाचो बेंबोच्या चित्रशाळेची असावीत असे सामान्यतः मानतात. येल संचात राजा-राणीबरोबर स्त्री घोडेस्वार आणि दासीही आहेत. शिवाय श्रद्धा, आशा आणि प्रेमदया हे तीन ख्रिस्ती सद्गुण आहेत, जे पुढील प्रमाण संचातून गळून पडले. नाण्यांच्या रंगात चित्रकाराने काल्पनिक नाणी रंगविली नाहीत, तर फिलिप्पो मारियाच्या सोन्याच्या नाण्याचे छाप उमटविले. ज्याने आपल्या चेहऱ्याचे चित्र टाळले, त्याच्या सत्तेची मुद्रा अशा रीतीने खेळणाऱ्याच्या हातात गेली.

या संचाचा काळ ठरविताना सर्व वाद एका पानाभोवती फिरतो. ते पान प्रेमाचे आहे. एका राजेशाही तंबूखाली स्त्री-पुरुष हातात हात देऊन उभे आहेत, पायाशी लहानसा कुत्रा आहे, वर डोळे बांधलेला क्यूपिड आहे. तंबूच्या झालरीवर व्हिस्कोंतींचे सर्पचिन्ह आणि तांबड्या भूमीवरील पांढरा क्रूस अशा ढाली आळीपाळीने येतात. हा क्रूस साव्हॉय घराण्याचा मानला, तर चित्र ड्यूकच्या दुसऱ्या विवाहाचे ठरते. १४२८ च्या सुमारास त्याने साव्हॉयच्या आमाडेउस आठव्याची कन्या मारिया हिच्याशी विवाह केला होता. तसे असेल तर हा संच सर्व लेखी उल्लेखांहून जुना ठरेल. परंतु पाव्हिया नगराचे चिन्हही तसेच आहे. ते गृहीत धरले तर चित्र १४४१ मधील दुसऱ्या एका विवाहाशी जोडता येते, आणि आज बहुसंख्य अभ्यासकांचा कल चाळिशीच्या दशकाकडेच आहे.

तो दुसरा विवाह ड्यूकच्या जीवनातील सर्वांत मोठ्या चिंतेशी निगडित होता. साव्हॉयच्या मारियापासून त्याला अपत्य झाले नाही. त्याची एकुलती वारस म्हणजे आन्येसे देल माइनो या प्रेयसीपासून १४२५ साली झालेली कन्या बियांका मारिया. तिला औरस ठरविण्यात आले, आणि १४३२ साली, ती सात वर्षांचीही नसताना, सेनापती फ्रांचेस्को स्फोर्त्सा याच्याशी तिचा वाङ्निश्चय झाला. हेतू उघड होता : ज्या सेनापतीची भीती वाटते त्याला जावई करून बांधून ठेवावे. पुढील नऊ वर्षांत ड्यूकने हे वचन अनेकदा टाळले आणि स्फोर्त्साही शत्रुपक्षाच्या चाकरीत गेला. अखेर तहाचा भाग म्हणून २५ ऑक्टोबर १४४१ रोजी क्रेमोना येथे विवाह झाला आणि ते नगर वधूचे आंदण म्हणून स्फोर्त्साला मिळाले. तरीही संशय मिटला नाही. १४४६ साली सासऱ्याने तेच क्रेमोना परत घेण्यासाठी जावयावर सैन्य पाठविले.

१३ ऑगस्ट १४४७ रोजी फिलिप्पो मारिया आपल्या किल्ल्यातच मरण पावला. वारसाचा प्रश्न त्याने शेवटपर्यंत संदिग्ध ठेवला. त्याने आरागॉनच्या अल्फोन्सोला वारस नेमले आहे असे सांगण्यात आले. नगरवासीयांनी कोणाचाच वारसा न मानता दुसऱ्याच दिवशी प्रजासत्ताक पुकारले आणि जुलमाचे प्रतीक म्हणून तो किल्ला पाडला. अडीच वर्षांच्या उपासमारीनंतर १४५० साली मिलानने स्फोर्त्सासाठी दरवाजे उघडले. बियांका मारियाचा पती म्हणूनच तो ड्यूक झाला, आणि पाडलेल्या किल्ल्याच्या जागी त्याने आपल्या नावाचा किल्ला उभारला.

तिसरा आणि सर्वांत पूर्ण संच या नव्या राजवटीचा आहे. त्याची ७४ पाने आज न्यू यॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय (३५), बेर्गामोची कार्रारा अकादमी (२६) आणि एक खाजगी संग्रह (१३) यांत विखुरलेली आहेत. येथे व्हिस्कोंतींच्या चिन्हांशेजारी स्फोर्त्साच्या एकमेकांत गुंफलेल्या अंगठ्या दिसतात. शेतकऱ्याच्या नातवाने जुन्या घराण्याची चिन्हे अंगावर घ्यावीत, यात केवळ अलंकरणाची हौस नव्हती. लग्नाने मिळालेला वारसा वैध आहे, हे ती चिन्हे दर डावाला सांगत होती. त्याच संचातील दैवचक्राच्या पानावर एकजण वर चढतो आहे, एक शिखरावर गाढवाचे कान घेऊन बसला आहे, एक खाली घसरतो आहे आणि तळाशी एक वृद्ध हातापायांवर रांगत साऱ्यांचा भार वाहतो आहे. मधोमध डोळे बांधलेली दैवदेवता आहे. फाचिनो काने, बेआत्रीचे, कारमान्योला आणि स्वतः ड्यूक यांच्या कहाण्या जाणणाऱ्या दरबाऱ्याला या चित्राचे भाष्य विचारण्याची गरज नव्हती. येल संचातील मृत्यू घोड्यावर बसून विळ्याने सर्वांना सारखेच कापीत जातो. खेळात मात्र या दोघांच्याही वर पाने आहेत. मृतांना उठविणारा अंतिम न्याय आणि विश्व ही पाने दैवाला व मृत्यूला जिंकतात. पंधराव्या शतकातील ख्रिस्ती माणसाची श्रद्धा हीच होती आणि ती समजण्यास मिसरी पुरोहितांची आवश्यकता नाही.

फिलिप्पो मारियाइतका ज्योतिषाच्या आहारी गेलेला राजा त्या काळच्या इटलीतही विरळा. पाने ही भविष्याची किल्ली असती, तर सर्वांत आधी त्यानेच ती वापरली असती. पण आकाशातील ग्रहांना भविष्य विचारणाऱ्या या माणसाने पानांना तो प्रश्न केल्याचे त्याचा तपशीलप्रिय चरित्रकार कोठेही सांगत नाही. पाने त्याच्यापुढे येत ती खेळ म्हणून, आणि त्या खेळात जगाची अशी एक व्यवस्था मांडलेली असे की जी त्याला स्वतःच्या राज्यात वा घरात कधीच साधली नाही. तेथे प्रत्येकाचे स्थान ठरलेले होते, जिंकण्याचे नियम सर्वांना ठाऊक होते आणि सेनापती धन्यावर उलटत नव्हता. त्याचे राज्य त्याच्या मृत्यूनंतर एका दिवसात विरले. त्याचा किल्ला लोकांनी पाडला. त्याच्या सोन्याच्या नाण्याचे छाप मात्र येलच्या संग्रहातील त्या पानांवर अद्याप शाबूत आहेत.